गोळी थांबवण्याआधी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. मंद्रूपच्या पट्ट्यातला शेतकरी उन्हाचा बंदोबस्त आपल्या पद्धतीनं करतो. रानातली कामं पहाटेच उरकायची, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, दुपारी ताक प्यायचं. पण ज्या घरात कुणी मनाची भरती-ओहोटी आवरणारी लिथियमची गोळी घेतं, त्या घराला या उन्हाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी आणि बहुतेक वेळा ती कुणी सांगितलेली नसते. घामावाटे पाणी आणि मीठ निघून गेलं की मूत्रपिंडं उरलेलं मीठ धरून ठेवू लागतात आणि मिठासोबत लिथियमही धरून ठेवतात. गोळी तीच, मात्रा तीच, तरी चार-सहा दिवसांत रक्तातलं तिचं प्रमाण वाढतं. मग हात जोरात थरथरायला लागतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं. घरच्यांना वाटतं ऊन बाधलं. कुणी म्हणतं, काल पाहुण्यांत जाऊन प्यायला असेल.

यावर उपाय लिथियम टाकून देणं हा नाही. उन्हाळाभर पाणी भरपूर पिणं, जेवणातलं मीठ एकाएकी कमी न करणं, उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारणं आणि वर सांगितलेली लक्षणं दिसली तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठणं, एवढं पाळलं तर ही गोळी वर्षानुवर्षं सुखरूप घेता येते. निर्जळी उपवास मात्र या गोळीवर करू नये. रमजानचे रोजे धरायचे असतील तर महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. कंबर धरली, गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही रक्तातलं लिथियम वाढवते. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांचंही तेच. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. हे एक वाक्य केस पेपरवर लिहून दिलं, तर कितीतरी लोकांची सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयाची खेप वाचेल.

लिथियमचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीत वर्षं काढून आलेले ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४८ च्या मार्चमध्ये मेलबर्नजवळच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या एका रुग्णाला लिथियम दिलं. हा माणूस पाच वर्षं उन्मादात होता: झोप नाही, बडबड थांबत नाही, अंगावरचे कपडे धड नाहीत. काही आठवड्यांत तो शांत झाला, काही महिन्यांत घरी गेला आणि कामालाही लागला. मग बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळी सोडली. सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा त्याच वॉर्डात आला. औषध पुन्हा सुरू झालं, पण रक्तातलं लिथियम मोजून मात्रा ठरवण्याची सोय तेव्हा नव्हती. १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेनं गेला. औषधानं माणूस घरी पाठवला, औषध सोडल्यानं तो परत आला आणि मोजमापाशिवाय दिलेल्या औषधानं त्याचा जीव गेला, हे सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात दोन वर्षांत घडलं. आज रक्ताची साधी तपासणी हे मोजमाप करून देते. शेवटची गोळी घेतल्यावर १२ तासांनी रक्त द्यायचं. प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरमध्ये असावं, १.५ च्या वर गेलं की धोका. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी.

मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं, असं विचारलं तर उत्तर दुष्परिणाम हे नाही. दुष्परिणाम होणार आहे हे आधी न सांगणं, हे आहे. ज्याला सांगितलंय की पहिला आठवडा मळमळेल आणि मग थांबेल, तो आठवडा काढतो. ज्याला सांगितलेलं नाही, तो तिसऱ्या दिवशी गोळ्या उकिरड्यावर टाकतो आणि गावभर सांगतो की त्या डॉक्टरनं विष दिलं. चूक त्याची नाही. ज्यानं सांगायला हवं होतं त्यानं सांगितलं नाही. आणि डॉक्टरांकडे वेळ नसेल, रांग मोठी असेल, तर रुग्णानं किंवा सोबत आलेल्या माणसानं उठण्यापूर्वी विचारायला हवं: ही गोळी कशावर आहे, गुण यायला किती दिवस लागतील, सुरुवातीला काय त्रास होईल, आणि कुठला त्रास झाला तर लगेच यायचं?

आपल्याला नेमकी कुठली गोळी दिली आहे, हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं. ‘डोक्याच्या गोळ्या’ किंवा ‘झोपेच्या गोळ्या’ एवढंच. खरं तर यात निदान चार वेगवेगळी घराणी आहेत आणि त्यांचे गुणदोष एकमेकांशी जुळत नाहीत. उदासी आणि चिंतेवरच्या गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन. भास, संशय आणि भरकटलेल्या विचारांवरच्या, म्हणजे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल. मनाची भरती-ओहोटी आवरणाऱ्या, लिथियम आणि व्हॅलप्रोएट. आणि चौथ्या, ज्या खरोखर झोप आणतात: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. सवय लागण्याची भीती या चौथ्या घराण्याबद्दल रास्त आहे. पण ती चारही घराण्यांना सरसकट चिकटली आहे आणि त्यामुळे ज्यांना पहिली तीन घ्यायलाच हवीत ते ती टाळतात.

गंमत अशी नाही, दुःखाची गोष्ट अशी की प्रत्यक्षात उलटच घडतं. सवय लागणारी क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू राहते, कारण ती त्या रात्रीच गुण देते. आणि सवय न लावणारी उदासीवरची गोळी आठ दिवसांत बंद होते, कारण तिचा गुण दिसायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. झोपेच्या गोळ्या दोन-चार आठवड्यांसाठी, उदासीवरची मुख्य गोळी काम सुरू करेपर्यंतच्या आधारासाठी, उत्तम. पुढं त्या वाढत्या मात्रेनं लागतात. म्हाताऱ्या माणसाचा रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. पाकिटावर लाल चौकट असते, विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते आणि चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो, तो उपकार नव्हे. आणि जी गोळी अनेक महिने चालली आहे, ती एका रात्रीत बंद करू नये. झटके येऊ शकतात. मात्रा हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं उतरवावी लागते. गाळप हंगामात रात्री उसाचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्यावर असणाऱ्यानं तर डॉक्टरांना आपलं काम आधी सांगावं. गोळीची वेळ आणि मात्रा त्यावरून ठरते.

उदासीवरच्या गोळ्यांचा पहिला आठवडा थोडा त्रासाचा असतो. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, कधी आधीपेक्षा जास्त घालमेल. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते आणि बहुतेकांचा त्रास दहा-पंधरा दिवसांत निवळतो. नंतरही राहणारा एक त्रास मात्र कुणी तोंडावर सांगत नाही: शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं किंवा समाधान न मिळणं. नवरा-बायको दोघंही मनात ठेवतात, संशय वाढतो आणि एक दिवस गोळी बंद होते. डॉक्टरांना हे नवं नाही. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. बाईला हे पुरुष डॉक्टरांसमोर बोलणं जड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावं, सोबत नर्स असेल तर तिला सांगावं. वयस्कर माणसात या गोळ्यांनी क्वचित रक्तातलं सोडियम घटतं. आजोबा दोन दिवसांत गोंधळल्यासारखे वागू लागले, तारीख-वार विसरू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता रक्त तपासावं.

तरुण मुलांबद्दल एक गोष्ट प्रत्येक आईबापाला माहीत हवी. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००४ मध्ये या गोळ्यांच्या पाकिटावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला: सुरुवातीच्या आठवड्यांत काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. अर्थ असा नाही की मुलांना औषध देऊ नये. न दिलेल्या उपचारानंही मुलं जातात. अर्थ असा की पहिला महिना-दीड महिना लक्ष ठेवावं, एकटं सोडू नये, आठवड्याला एकदा तरी डॉक्टरांची भेट किंवा फोन व्हावा. गोळ्यांची डबी मोठ्या माणसाच्या ताब्यात असावी, कारण उदासीवरचीच ॲमिट्रिप्टिलिन ही गोळी आणि लिथियम एकदम जास्त घेतल्यास जिवावर बेततं. शेतकऱ्याच्या घरात त्याहून मोठा धोका कोपऱ्यातल्या फवारणीच्या औषधाचा आहे. घरात कुणी खचलेलं असेल त्या काळात कीटकनाशकाचा डबा कुलपात किंवा घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावा. दुर्दैवानं कुणी काही घेतलंच, तर पोलीस केसच्या भीतीनं वेळ दवडू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही.

आता मंद्रूप, अक्कलकोट, भीमेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत वारंवार घडणारा एक प्रकार. एखाद्या तरुणाला कानात आवाज येतात, शेजारी आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं. सिव्हिलमध्ये हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूला पिळल्यासारखी वळते, डोळे वर जाऊन अडकतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो. घरातली जाणती बाई म्हणते, अंगात आलं. गाडी काढून गाणगापूरच्या देवस्थानाला नेलं जातं. काही तासांनी मान आपोआप सुटते, आणि गोळ्यांमुळे देव कोपला होता यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. ही स्नायूंची आकडी आहे, विशेषतः तरुण मुलांमध्ये, औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत येणारी. भीतीदायक दिसते. प्रोमेथाझिनसारखं एक इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात सुटते, आणि पुढं ती येऊ नये म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी सोबत देता येते किंवा औषध बदलता येतं. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे इंजेक्शन मिळू शकतं. हे एवढं वाक्य पहिल्या दिवशी त्या आईला सांगितलं असतं, तर ती गाणगापूरऐवजी दवाखान्यात गेली असती.

गाणगापूरला जाऊच नये असं म्हणण्याचं कारण नाही. भीमा-अमरजा संगमावर डोकं टेकून मन हलकं होत असेल तर जावं, गोळ्यांची डबी पिशवीत घेऊन जावं. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा प्रयोग झाला. तिथले मुजावरच रुग्णाला दर्ग्याच्या आवारातल्या मानसोपचाराच्या खोलीकडे पाठवत. श्रद्धा आणि औषध एकत्र चालतात. चालत नाही ते बांधून ठेवणं आणि मारहाण. तमिळनाडूच्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यानं जळून गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं गुन्ह्यांच्या यादीत पहिल्याच कलमात आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही साखळदंडाला बंदी आहे, मग तो घरात असो की देवळात.

भास-संशयावरच्या औषधांचे दुसरे त्रास हळूहळू येतात. रिस्पेरिडोननं एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, माणूस येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. बहुधा औषधाचा परिणाम असतो आणि त्यावर उपाय आहे. बाईची पाळी थांबते किंवा स्तनातून दूध येतं, गरोदर नसतानाही. सुनेच्या बाबतीत यावरून घरात काय बोललं जाईल हे सांगायला नको. हा रक्तातलं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढल्याचा परिणाम आहे. डॉक्टरांना सांगितल्यावर मात्रा किंवा औषध बदलतं. ओलान्झापिन आणि क्लोझापिननं भूक खवळते, वजन वाढतं, साखर वाढते. सुरुवात करतानाच वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर नोंदवून ठेवावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी. पहिल्या महिन्यातच तीन-चार किलो चढले तर वाट पाहू नये. आपल्याकडची ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडी-कांदा हे जेवण इथं औषधाइतकं कामाचं आहे. बाटलीतलं गोड थंड पेय आणि दिवसातून आठ चहा हे मात्र वजनाचं खरं घर आहे. बरीच वर्षं घेतल्यावर काहींच्या ओठ-जिभेच्या चाळवल्यासारख्या हालचाली सुरू होतात. त्या लवकर सांगाव्यात, उशिरा गेल्यास त्या कायमच्या राहू शकतात.

आणि एक क्वचित पण प्राणघातक प्रकार: भास-संशयाची औषधं चालू असताना जोराचा ताप, अंग लाकडासारखं कडक, भान हरपलेलं, घाम. ही त्याच रात्री रुग्णालयात नेण्याची वेळ. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे उष्माघातासारखंच दिसतं, म्हणून डॉक्टरांना चालू गोळ्यांची पाकिटं दाखवणं फार महत्त्वाचं. त्यात ट्रायहेक्सीफेनिडिल घाम येणं कमी करतं, आणि घाम नाही तर शरीर थंड होत नाही. या गोळ्यांवरच्या माणसाला भर दुपारी खुरपणीला किंवा बांधकामावर पाठवू नये, हा सल्ला पुस्तकी वाटेल, पण रोजगार पहाटे नि संध्याकाळी वाटून घेता येतो.

क्लोझापिनबद्दल थोडं सविस्तर, कारण इतर काही लागू न पडणाऱ्या रुग्णाला तेच वाचवतं आणि त्याचीच भीती सगळ्यात जास्त. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधावरच्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घटून मृत्यू झाले, औषध अनेक ठिकाणी मागं पडलं. १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दुसऱ्या औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांमध्ये ते खरोखर काम करतं. तेव्हापासून ते रक्ततपासणीच्या अटीवर दिलं जातं: पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पेशींची मोजणी, मग अंतर वाढवत. ताप किंवा घसादुखी आली की साध्या सर्दीची गोळी न घेता त्याच दिवशी रक्त तपासायचं. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करायचं नाही, यात आतडं बंद पडून माणसं गेली आहेत. आणि सोलापूर हे विडी वळणाऱ्या हातांचं शहर, म्हणून एक वेगळी गोष्ट: विडी-सिगारेटच्या धुरातले घटक यकृताला क्लोझापिन लवकर जाळायला लावतात. विडी ओढणाऱ्याची मात्रा त्या हिशोबानं बसवलेली असते. त्यानं एकदम विडी सोडली, किंवा रुग्णालयात भरती झाल्यानं ती सुटली, तर रक्तातलं औषध वाढतं, गुंगी येते, झटके येऊ शकतात. विडी सोडावीच, डॉक्टरांना सांगून सोडावी. तंबाखू चघळण्यानं असं होत नाही. दोष धुराचा आहे.

व्हॅलप्रोएटची गोळी फिटसाठीही देतात आणि उन्मादासाठीही, त्यामुळे ती घराघरांत आहे. मूल होण्याच्या वयाच्या बाईसाठी ती शक्यतो टाळावी. गरोदरपणात ती घेतल्यास १०० पैकी सुमारे १० बाळांना जन्मजात व्यंग असतं आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचण येते. मुलीचं लग्न ठरतंय आणि ती या गोळीवर आहे, तर लग्नाच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, दुसरं औषध बसवायला वेळ लागतो. दिवस गेले हे कळल्यावर घाबरून गोळी एकदम बंद करणं मात्र चूक. फिट किंवा आजार उलटला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. ‘गोळ्या चालू आहेत’ हे सासरी लपवायला सांगणारे आईबाप बरेच असतात. त्यामागचं दुःख समजतं, पण लपवलेली गोळी चुकते आणि चुकलेली गोळी सगळं उघड करते.

लपवण्यावरून दारू सोडवायच्या गोळीचा विषय येतो. डायसल्फिरामच्या गोळीचा हा उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कच्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन यांनी पुढं आणला. ती घेतलेली असताना दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्यानं स्वतः ठरवून ती घेतली आहे, त्याला ती रोखून धरते. पण नवऱ्याला न कळवता आमटीत किंवा भाकरीच्या पिठात ती मिसळणं, जे आपल्याकडे सर्रास सुचवलं जातं, हा जिवाशी खेळ आहे. त्याला काही माहीत नसतं, तो नेहमीसारखी पितो आणि हृदय कमजोर असेल तर तिथंच संपतो. घरच्या बाईचा त्रास खरा आहे, त्यावर तिला हवी असलेली मदतही खरी मिळायला हवी. ही गोळी गुपचूप देणं ही ती मदत नव्हे.

‘हे सगळं परदेशी रसायन, त्यापेक्षा झाडपाला बरा’ असं म्हणणाऱ्यांसाठी सर्पगंधेची कथा सांगावी. कोलकात्यात १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा गुण छापून मांडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात लिहिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातलं रेसर्पिन वेगळं झालं आणि १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात ते वापरलं. आधुनिक मानसोपचाराच्या पहिल्या औषधांतलं एक आपल्या मातीतलं आहे. आणि त्याचेही दुष्परिणाम निघाले: रक्तदाब फार उतरणं, मन खिन्न होणं. पुढं ते मागं पडलं. मूळ झाडाचं असो की कारखान्याचं, शरीरात काम करणारी वस्तू दुष्परिणाम करणार. तो ओळखून वापरणं आपल्या हातात.

आणि ही औषधं काय करू शकतात तेही सांगायला हवं. डॉ. भरत वाटवाणी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था १९८८ पासून रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणते, कर्जतच्या केंद्रात उपचार करते आणि घरी पोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जटा झालेल्या, उकिरड्यावरचं खाणाऱ्या माणसाला औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत स्वतःचं नाव आठवतं, मग गाव आठवतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटानं स्किझोफ्रेनिया मराठी घरात बोलण्याचा विषय केला, तेव्हाही त्या कथेत औषधाला जागा होती.

मंद्रूपकरांसाठी वाट जवळची आहे. सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या या गावात ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कुठल्या वारी येतात ते तिथल्या खिडकीवर विचारावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तिथं भागलं नाही तर सुमारे २५ किलोमीटरवर सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं सिव्हिल. तिथं मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री विचारायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, आणि घरातल्या आजीला कन्नडच जवळची असेल तर कन्नडमध्येही. बाहेरून गोळ्या घ्याव्या लागल्या तर जनऔषधी दुकानात त्याच रसायनाच्या गोळ्या खूप स्वस्त मिळतात. नाव वेगळं दिसलं म्हणून बिचकू नये, रसायनाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबानं निघण्यापूर्वी पूर्ण मुक्कामाच्या गोळ्यांबद्दल बोलून घ्यावं. भास-संशयावरच्या रोजच्या गोळ्या सांभाळणं अवघड असेल तर फ्लुफेनाझिनसारखं दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळतं का ते विचारावं. पाकिटावर साधारण ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. पत्र्याच्या खोपीत मे महिन्यात ते शक्य नसतं, म्हणून डबी जमिनीलगत, सावलीत, पण ओल न लागेल अशी ठेवावी. केस पेपरचा आणि सगळ्या पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये असावा.

आणि गोळी थांबवायचीच असेल तर? पहिल्यांदाच उदासी आली असेल तर बरं वाटू लागल्यावर निदान सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात. भास-संशयाच्या पहिल्या आजारात वर्ष-दोन वर्षं. मनाच्या भरती-ओहोटीच्या आजारात बहुधा त्याहून बराच जास्त काळ. थांबवणं हे डॉक्टर, रुग्ण आणि घरातला एक जबाबदार माणूस यांनी मिळून ठरवावं आणि मात्रा काही आठवडे ते काही महिन्यांत उतरवावी. उदासीवरच्या पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्या एकदम सोडल्यास चक्कर आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. तो आजार परतल्याचा पुरावा नसून घाईचा परिणाम असतो. उतरवण्याचा काळ मुलाच्या परीक्षेचा, घरातल्या लग्नाचा किंवा साखर कारखान्याच्या हंगामाचा नसावा. त्या दिवसांत रात्री किती वाजता झोपला, किती वाजता उठला, हे घरातल्या एकानं वहीत लिहावं. सलग तीन रात्री झोप उडाली आणि तरी माणूस ताजातवाना वाटतोय, बोलणं वाढलंय, पैसा उधळतोय, किंवा उलट अंथरूणच सोडत नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जावं.